सहा दहाची डबल बेल

उस्तादांनी मला गाडी शिकवली तेव्हा ते नांदेडला होते, मी चाकूरला होतो आणि गाडी माझ्या मेहुण्याच्या दारात झाकून ठेवलेली होती. माझ्यापुढे होता तो मोबाइल, कुकरला टेकवून उभा केलेला. हातात जेवणाचं स्टीलचं ताट.

ताट म्हणजे स्टिअरिंग. ते तेरा इंचांचंच हवं असा उस्तादांचा आग्रह होता. आमच्याकडची ताटं मी टेपनं मोजली. सगळी साडेअकराची निघाली. म्हणून मी परात घेऊन बसलो. पहिल्याच दिवशी त्यांनी परात हेरली आणि विचारलं की मला कार चालवायची आहे का नांदेड-मुखेड गाडी, कारण एवढं चाक फक्त बसला असतं. मग साडेअकरावर तडजोड झाली. बाजूला ज्वारीचा डबा, डब्यात उभं खोचलेलं लाटणं, तो गिअर. पायाखाली तीन चपला. दोन माझ्या, एक बायकोची.

उस्तादांचा वर्ग सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भरायचा. सहा म्हटलं की लोक सव्वासहाला येतात आणि सहा दहा म्हटलं की सहा दहाला येतात, हे त्यांनी एस.टी.त एकतीस वर्षं गाडी चालवून शोधून काढलं होतं. मी माझ्या वहीत नोंद ठेवली आहे. सव्वीस दिवसांत वर्गाला एकदाही उशीर झाला नाही. एकदा नांदेडची वीज गेली, तेव्हा त्यांनी मेणबत्ती लावून गिअर शिकवले.

वर्गात आम्ही नऊ जण. अट एकच, वय चाळीसच्या पुढं आणि हे आयुष्यातलं पहिलं लायसन. नावं ते विचारत नसत. मी सात नंबर. त्यांच्या अंगावर खाकी सदरा असे, कडक इस्त्रीचा. खाली लुंगी असे, हे एकदा ते दूध उतू जातंय म्हणून उठले तेव्हा नऊ जणांना एकदम कळलं. परत येऊन बसल्यावर ते म्हणाले की ड्रायव्हर कमरेच्या वरच असतो.

त्यांच्यापुढे स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. पेल्यावर दोन टोले म्हणजे डबल बेल, गाडी सोडा. एक टोला म्हणजे सिंगल बेल, आहे तिथं थांबा. दर थोड्या वेळानं एक टोला पडे आणि चाकूर, मुखेड, उदगीर, देगलूर अशा नऊ ठिकाणी नऊ माणसं आपापल्या घरात करकचून थांबत.

आणि मधेच, कुठलीही सूचना न देता, ते विचारायचे, "सात नंबर, मागं कोण हाय?"

आरशात बघायची सवय लागावी म्हणून हा प्रश्न. आरसा म्हणून मी दाढीचा आरसा खिडकीच्या गजाला बांधला होता. त्यात बघून खरं उत्तर द्यावं लागे. मागं पलंग होता आणि पलंगावर बायको असायची, म्हणून मी सांगायचो, "बायको."

"किती लांब?"

"सात फूट चार इंच."

"हाव. लक्षात ठेवा."

पहिल्या दिवशी बायको मागून म्हणाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा अंतर विचारलं कोणी.

हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी लातूरला डायलिसिस, चार तास. आमच्या फाटकापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत छत्तीस किलोमीटर आठशे मीटर. जाताना ती बरी असते. येताना रक्तदाब उतरलेला असतो, तेव्हा बसमध्ये उभं राहणं दूरच, बसणंही होत नाही. आडवं व्हावं लागतं. भाड्याची जीप दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा जीपवाला चार तास थांबला नाही. म्हणून जुनी कार घेतली आणि ती तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, चालवू लागला. तो वीज मंडळात आहे. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या बदलीचा हुकूम आला, धाराशिवला, मे अखेरीस हजर व्हायचं होतं.

माझं वय एकोणपन्नास. मी पाटबंधारे खात्यात आहे. तलावातल्या खांबावरची पाणीपातळी रोज सकाळी आठला वाचून वहीत लिहिणं हे माझं काम. तलाव घरापासून दोन किलोमीटर तीनशे मीटर. त्याला सायकल पुरते, म्हणून मोटारसायकलसुद्धा कधी घेतली नाही. गाडी शिकायला म्हणून आधी लातूरच्या एका ठिकाणी गेलो होतो. शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला, काका, तुम्ही फक्त चाक धरा, बाकी मी बघतो. बाकी तोच बघणार असेल तर मंगळवारी कोण बघणार, असा मला प्रश्न पडला आणि मी पुन्हा गेलो नाही. उस्तादांचा नंबर बायकोला डायलिसिसच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी दिला. त्यांचे यजमान अठ्ठावन्नाव्या वर्षी उस्तादांकडून ताटावर शिकले होते आणि आता त्यांना नेत-आणत होते.

उस्तादांचं म्हणणं असं की घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही. घाटात त्यांनी एका शिकाऊ ड्रायव्हरला डावीकडं घे म्हणून सांगितलं आणि तो उजवीकडं गेला. तेव्हापासून हे दोन शब्द त्यांनी टाकून दिले. वर्गात डावा हात नव्हता. घड्याळाचा हात होता. उजवा हात नव्हता, जेवणाचा हात होता. "घड्याळाकडं वळवा," म्हटलं की डावीकडं. ज्यांच्याकडं घड्याळ नव्हतं त्यांना बांधायला लावलं. मला ही पद्धत पटली. पायांना मात्र घड्याळ नाही, जेवण नाही, म्हणून तिथं त्यांनी नंबर दिले. एक नंबर रेस. दोन नंबर ब्रेक. तीन नंबर क्लच. "एक पाय कायम तीन नंबरवर. दुसरा पाय एक आणि दोनमध्ये फिरता. चपला मांडा." आम्ही चपला मांडल्या. घाबरलेल्या माणसाला नंबर कळतो, ते म्हणाले. मला तर न घाबरताही नंबरच कळतात.

रस्त्याबद्दल त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. रस्ता आपल्या बापाचा नाही, म्हशीच्या बापाचा आहे. हॉर्न म्हणजे तोंड आहे, काम असेल तेव्हाच उघडायचं. आणि पुन्हा पुन्हा सांगायचे ते हे, "पॅसेंजर झोपला म्हंजे समजा ड्रायवर जागा हाय." एस.टी.त त्यांना अपघात न केल्याबद्दल बिल्ला मिळाला होता, पण त्याची त्यांना फार किंमत नव्हती. नांदेड-मुखेडच्या रस्त्यावर, ज्या रस्त्यावर माणसाची कवळी जागेवर राहत नाही, तिथं त्यांच्या गाडीत लोक झोपायचे, हे ते सांगायचे.

हजेरी ते एका लांबोडक्या वहीत घेत. एकदा ती त्यांनी कॅमेऱ्यापुढं धरली. वही उर्दूत होती. नांदेडच्या जुन्या गावात उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलो, असं ते म्हणाले. वही मला शेवटच्या पानावरून सुरू झाल्यासारखी दिसली. मी नोंद घेतली आणि विसरलो. तेव्हाच विचार करायला हवा होता.

शिकाऊ लायसनची परीक्षा घरी बसूनच द्यायची असते. समोर कॅमेरा, पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. त्यात मागं दुसरं कोणी दिसलं की परीक्षा बंद पडते. मुखेडच्या चार नंबरच्या ताई, ज्यांची पिठाची गिरणी आहे, त्यांची परीक्षा दोनदा बंद पडली. एकदा त्यांचे यजमान चहा मागायला मागं येऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा ते, मी आता येत नाही, एवढं सांगायला आले. उस्ताद म्हणाले, "ताई, मी रोज विचारून राहिलो ना, मागं कोण हाय म्हणून?" तिसऱ्यांदा ताईंनी यजमानांना गिरणीवर बसवून बाहेरून कडी लावली आणि पास झाल्या.

मी पहिल्याच फेरीत पास झालो. शिकाऊ लायसन मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. मला तारीख मिळाली ती मेहुणा जाण्याच्या तीन दिवस आधीची. नापास झालो तर पुन्हा चाचणी किमान सात दिवसांनी. सात दिवस म्हणजे दोन डायलिसिस. हा हिशेब मी बायकोला सांगितला नाही. तिनं तो आधीच केला होता.

पंचवीस वर्ग पुरे झाल्याशिवाय खऱ्या गाडीला हात लावायचा नाही, असा उस्तादांचा नियम. मी सव्वीस पुरे केले. चाचणीला सोळा दिवस उरले होते.

त्या सोमवारी संध्याकाळी मेहुण्यानं गाडी बाजार समितीच्या पटांगणात आणली. पटांगण रिकामं होतं, एका कडेला तुरीच्या पोत्यांची थप्पी. मेहुणा शेजारी बसला. बायको मागं बसली. मी तिला नको म्हणालो होतो. ती म्हणाली, मागं कोण हाय विचारलं तर कोणीतरी असायला पाहिजे.

मी आरसा बघितला. गाडी सुरू केली. तीन नंबर दाबला.

इंजिन बैलासारखं हंबरलं. खऱ्या क्लचचा आवाज मोठा असतो असं मला वाटलं. मी गिअरला हात घातला, तर खालून दगड दळल्यासारखा आवाज.

"दाजी, क्लच दाबा," मेहुणा म्हणाला.

"दाबलाय."

"हा क्लच न्हाई, दाजी."

"मोजून दाबलाय," मी म्हणालो.

मग रेस द्यावी म्हणून मी एक नंबर दाबला आणि गिअर एकदम लोण्यात सुरी जावी तसा गेला. शिकवल्याप्रमाणे तीन नंबर हळू सोडला. गाडी हलेना. एक नंबर आणखी दाबला. हलेना. गाडी ऐकत नसेल तर पहिल्यापासून सुरू करा, एक सोडा, तीन दाबा, असं उस्तादांनी सांगितलं होतं. मी एक सोडला आणि तीन तळापर्यंत दाबला.

गाडी उडी मारून पोत्यांकडं निघाली. मेहुणा काय म्हणत होता ते मला आठवत नाही. मला फक्त मागून आलेला आवाज आठवतो. बायकोच्या मांडीवर पाण्याची स्टीलची बाटली होती. तिनं हातातली अंगठी त्या बाटलीवर आपटली. एकदाच. टण्.

माझा पाय मला न विचारता दोन नंबरवर गेला. गाडी आचका देऊन बंद पडली.

 मागून बायको म्हणाली, "अहो, टेप देऊ का?"

टेप माझ्या पिशवीत असते. मी उतरून मोजलं. बंपर आणि पहिलं पोतं यांत त्रेचाळीस सेंटिमीटर.

घरी येऊन उस्तादांना फोन लावला. मी जे घडलं ते क्रमानं सांगितलं.  ते म्हणाले, फोन खाली करा, चपला दाखवा. मी रोजच्यासारख्या चपला मांडून फोन खाली केला. सव्वीस दिवसांत माझे पाय त्यांनी पहिल्यांदा पाहिले.

"एक कोणती?"

मी डावीकडच्या चपलेला हात लावला.

त्यांच्याकडं स्वयंपाकघरात काहीतरी तळण चालू होतं. त्यांनी आत वळून ते बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही तिकडून मोजलं."

"मग कुठून मोजायचं?"

"आम्ही इकडून मोजतो," आणि त्यांनी जेवणाचा हात वर केला.

ज्या माणसानं पाटीवर पहिलं अक्षर उजव्या कडेला काढलं त्याला एक तिथंच दिसणार. मला तो डावीकडं दिसतो. सव्वीस दिवस आम्ही एकच आकडा बोलत होतो आणि दोन वेगळ्या टोकांकडं बघत होतो. त्यांनी विचारलं, कोणाला लागलं का. नाही म्हणालो. मग थांबली कशी? दोन नंबर, मी म्हणालो. त्यांनी तीन बोटं समोर धरली. इकडून मोजली. तिकडून मोजली.

"दोन दोन्हीकडून दोनच हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला डबल बेल झाली नाही. ते फक्त म्हणाले, "सगळ्यांनी फोन खाली करा." नऊ जणांचे नऊ फोन खाली झाले. आमच्यापैकी चौघांच्या चपला उलट्या होत्या. चार नंबरच्या ताईंच्या बरोबर होत्या. त्यांनी शेजारच्या टेम्पोत डोकावून मांडल्या होत्या, पण उस्ताद शिकवतात ते वेगळं काही असेल म्हणून बोलल्या नव्हत्या. उस्तादांनी चौघांचे पत्ते लिहून घेतले. वर्ग संपला. मी घड्याळ पाहिलं, सहा वाजून एकोणीस मिनिटं.

मेहुणा म्हणाला, झालं तेवढं पुरे, लातूरला कोणीतरी शोधू. मी त्या रात्री गणित मांडलं. सव्वीस दिवस, रोज साधारण चाळीस वेळा. एक हजार चाळीस वेळा मी चुकीची चप्पल अगदी बरोबर दाबली होती. पंधरा दिवसांत हे पुसलं जाईल असं मला वाटेना. मी तसं बायकोला म्हणालो. ती म्हणाली, त्या माणसानं थांबायला तरी बरोबर शिकवलं. लातूरवाल्यानं तेवढंही शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद नांदेड-लातूर गाडीनं चाकूरला उतरले. मोबाइलवर धिप्पाड दिसणारा माणूस प्रत्यक्षात पाच फूट तीन इंचांचा होता. खाकी सदरा तोच, पण खाली पँट. हातात कापडी पिशवी. पिशवीत पेला आणि चमचा. मला त्यांनी नमस्कार केला आणि थेट बायकोकडं गेले.

"ताई, त्या दिवशी गाडीत तुम्ही बसलेल्या होत्या."

ती म्हणाली, हो, आणि चहा ठेवायला आत गेली. माफी यापेक्षा जास्त मागितली गेली नाही, आणि कमीही नाही.

चहा झाल्यावर त्यांनी माझं घड्याळ मागितलं. माझ्या मनगटावरून सोडवून माझ्या डाव्या पायाच्या घोट्याला बांधलं. एक आणि तीन हे आकडे आजपासून बंद. घड्याळाचा पाय आणि जेवणाचा पाय. घड्याळाच्या पायाला क्लच, जेवणाच्या पायाला रेस. ब्रेक मात्र दोन नंबर. त्याचं काही चुकलेलं नाही, त्याला कशाला बदलायचं.

पुढचे तेरा दिवस घड्याळ माझ्या पायातच होतं. तलावावर आठची पातळी लिहिताना वेळ बघायला मला पँट वर करावी लागे. आमचे शाखा अभियंता एकदा तिथं होते. त्यांनी दोनदा पाहिलं आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ चाचपलं.

उस्ताद एक दिवसाआड यायचे. चौघांचा त्यांनी वारच लावून घेतला होता, चाकूर, देगलूर, उदगीर आणि अहमदपूर. गाडीत मेहुणा शेजारी बसायचा आणि उस्ताद मागं, बायकोजवळ. एके दिवशी मेहुण्याला उशीर झाला. पटांगणात ऊन चढत होतं. मी म्हणालो, तुम्हीच पुढं बसा, एकतीस वर्षांचा ड्रायव्हर शेजारी असला की झालं.

"मला लायसन न्हाई," ते म्हणाले.

जेवणाच्या हाताकडचा डोळा काचबिंदूनं गेला होता. निवृत्तीनंतर लायसन पुन्हा काढायला गेले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरनं सही दिली नाही. "बरोबर केलं त्यानं. म्या असतो तर म्या बी दिली नसती." त्यानंतर त्यांनी स्कूटरसुद्धा विकली. ताट वापरायला डोळा लागत नाही, म्हणून वर्ग सुरू केला. आम्ही मेहुण्याची पस्तीस मिनिटं वाट पाहिली. त्या वेळात त्यांनी बायकोला विचारलं की मशिनवर किती वेळ जातो. चार तास, ती म्हणाली. ते म्हणाले, चार तास म्हणजे नांदेड-लातूर, थांबे धरून. त्यांनी ती गाडी किती तरी वर्षं नेली. पहिला लोहा, मग अहमदपूर, मग चाकूर, की आलंच लातूर. तेव्हापासून ती मशिनला लागली की नांदेडहून निघते. मी विचारतो, कुठपर्यंत आलीस, आणि ती डोळे मिटून सांगते, लोहा गेलं. अहमदपूर आलं की निम्मं झालं असं ती धरते.

त्रेचाळीस सेंटिमीटरची गोष्ट त्यांनी हजेरीच्या वहीत अपघात म्हणून लिहिली होती. मी म्हणालो, हा अपघात नाही, अंतर उरलं होतं. ते म्हणाले, गाडी ड्रायव्हरच्या हातात नव्हती, मग उरलेलं अंतर कोणाचं? मी ते पान बघितलं. ओळ उजवीकडून डावीकडं गेली होती, पण त्रेचाळीस हा आकडा त्यांनी डावीकडून उजवीकडं लिहिला होता, आधी चार, मग तीन. मी त्यांना ते दाखवलं. उर्दूतही आकडा तुम्ही आमच्यासारखाच लिहिता की. त्यांनी वही त्या चांगल्या डोळ्याजवळ नेली.

"आकडा असाच असतो," ते म्हणाले. मग बराच वेळ वही मिटेनात.

चाचणीच्या दिवशी घड्याळ पँटच्या खाली होतं. गाडीत माझ्याशिवाय फक्त निरीक्षक. बायको, मेहुणा आणि उस्ताद कुंपणापलीकडं उभे. बेल द्यायला कोणी नव्हतं. गाडी सुरू करण्याआधी मी सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "मागं कोण हाय?"

निरीक्षकांनी मान वळवून मागं पाहिलं. "कोणी नाही," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणालो आणि गाडी सोडली. आठचा आकडा, चढ, मागं घेणं. चढावर गाडी एकदा बंद पडली. मी दोन नंबर दाबून ठेवला आणि पुन्हा सुरू केली. निरीक्षकांनी कागदावर खूण केली आणि उतरताना विचारलं की शिकलात कुठं. ताटावर, मी म्हणालो.  पास.

उस्तादांनी कुंपणाशीच वही काढली, सात नंबरवर रेघ मारली आणि अडीचच्या गाडीनं नांदेडला गेले. आजही वर्ग सहा दहालाच भरतो. फरक एवढाच की पहिल्या दिवशी हजेरीच्या आधी ते म्हणतात, फोन खाली करा, आणि एकेकाच्या चपला तपासतात.

मेहुणा शनिवारी गेला. मंगळवारी सकाळी मी गाडी फाटकातून बाहेर काढून उभी केली. बायको मागं बसली, बाटली मांडीवर. मी आरशात पाहिलं. तिनं अंगठीनं बाटलीवर दोनदा वाजवलं. टण् टण्. जायला एक तास बारा मिनिटं लागली. मागून किती जणांनी हॉर्न दिले ते मी मोजलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी मोजायचं राहिलं.

चार तासांनी दोन नर्सनी धरून तिला गाडीत आणलं. ती आडवी झाली. बेल देण्याइतकं तिच्यात बळ नव्हतं, म्हणून मी स्टिअरिंगवरच बोटानं दोनदा वाजवून निघालो. खड्डे मला सकाळीच पाठ झाले होते. घराच्या फाटकात पोचलो, गाडी थांबवली आणि आरशात पाहिलं. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, बाटली हातातून सुटून सीटवर आडवी पडलेली.

डायलिसिसहून येताना ती कधीच झोपत नसे. मेहुण्याच्या गाडीतही नाही.

तेवढ्यात फोन आला. नांदेडचा नंबर. मी आवाज बारीक करून घेतला.

"सात नंबर, मागं कोण हाय?"

"बायको," मी हळूच म्हणालो. "झोपलीय."

 पलीकडून पेल्यावर चमच्याचा एक टोला ऐकू आला, तोही हलका, झोपलेलं माणूस उठणार नाही असा. मग फोन बंद झाला.

इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता. तरी मी पाय दोन नंबरवर ठेवून तसाच बसून राहिलो. तिला जाग आली तेव्हा मी वाकून घोट्यावरचं घड्याळ पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.